चौसष्ट किलोचा हिशेब

चौसष्ट किलो करडई घाण्यावर नेली आणि तेरा लिटर तेल घेऊन घरी आलो. आईने डबा उचलून अंदाज घेतला, खाली ठेवला आणि म्हणाली, "तीन लिटर मारलं त्यानं."

"कशावरून?"

"आमच्या माहेरी चार किलोला लिटर पडायचं. चौसष्टाला सोळा. मोज की तूच, हिशेब बघतोस ना कारखान्यात?"

बोलणं वर्मी लागलं. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. सूत आत किती आलं, टॉवेल बाहेर किती गेले आणि मधली तूट कुठे मुरली, हे शोधण्याचाच मला पगार मिळतो. सुताच्या कोनामागे शंभर ग्रॅम कमी भरले तर आम्ही विणकराला उभा करून विचारतो. इथे घरच्या करडईचं तीन लिटर तेल गायब आणि मी गप्प!

आमची साडेतीन एकर काळी मंगळवेढ्याच्या बाजूला आहे. शेत भाऊ बघतो. रब्बी ज्वारीत करडईचे तास, म्हणजे मधल्या ओळी असतात, ते वडिलांपासून. तेव्हा त्यात तेलापेक्षा राखणीचा हेतू जास्त असायचा, कारण काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत. आता भावाने एक एकर सलग करडई केलीय. वाण भीमा, सोलापूरच्याच संशोधन केंद्रातलं. जुनं आहे, पण पाऊस दगा देतो तेव्हा ते दगा देत नाही. सोटमूळ खोल जातं आणि खालची ओल ओढून घेतं. काढणी भल्या पहाटे, दवाने काटे नरम असतात तोवर. नऊ वाजले की झाड हात लावू देत नाही. एवढ्या मरणाच्या कष्टाचं तेल कुणी मारावं, हे आईला सहन होत नव्हतं.

पुढच्या रविवारी पुन्हा चौसष्ट किलो घेतली, त्याच ढिगातली. सोबत कारखान्यातला इलेक्ट्रॉनिक काटा घेतला आणि मंगळवार पेठेतल्या बोळात त्या घाण्यावर जाऊन बसलो. घाणेवाल्याला सगळे अण्णा म्हणतात. वय पासष्टीचं, घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. काटा बघून त्यांच्या लक्षात आलंच असणार. मला मात्र ओशाळल्यासारखं झालं.

"अण्णा, जरा बसतो. बघायचं होतं कसं काढतात."

"बसा की. काटा आणलाय तर सगळंच मोजा. लोकं नुसतं तेल मोजत्यात."

बैल केव्हाच गेले. आता खाली मोटार आहे. पण उखळ लाकडी, त्यात फिरणारा दांडा, म्हणजे लाट, तीही लाकडी, आणि फेरे मिनिटाला बारा-चौदा. एका वेळी सोळा किलो बसतं, त्याला एक घाणा म्हणायचं. माझे चार घाणे झाले. बी पडल्यावर पहिली दहा मिनिटं नुसता खडखडाट. करडईचं टरफल जाड, जवळजवळ निम्मं वजन टरफलाचंच. ते फुटून आतला पांढरा गर बाहेर यायला वेळ लागतो. मग आवाज बदलतो. खडखड थांबते, घरघर सुरू होते. त्या क्षणी अण्णांनी तांब्यातून कोमट पाणी शिंपडलं. मी दचकलो. तेलात पाणी? थोड्या वेळाने पुन्हा एक ओंजळ.

"पाणी नाही घातलं तर पेंड बांधत नाय," अण्णा म्हणाले. "भुगा नुसता फिरत राहतो. पाण्यानं गोळा होतो, मग लाट त्याला दाबती, मग तेल सुटतं."

किती घालायचं, हे ते हाताने ठरवतात. भुगा मुठीत दाबायचा. उघडल्यावर विस्कटला तर पाणी कमी, बोटांना चिकटला तर जास्त. मी मात्र तांब्या मोजला. चार घाण्यांत मिळून ३.२ लिटर. शेवटी शेवटी उखळाच्या कडेने तेल वर येऊ लागलं आणि खालच्या तोटीतून धार लागली. मध पातळ केल्यावर दिसेल तसा रंग, आणि ताज्या दाण्यांसारखा वास. स्वयंपाकघरातला थर्मामीटर नेला होता, तो बुडवला तर ४४ अंश. एप्रिल होता, बाहेरच ४१ होतं. म्हणजे यंत्राने दिलेली उष्णता नावालाच.

पाऊण तासाचा एक घाणा. चारही झाल्यावर मी एकेक जिन्नस काट्यावर ठेवला. तेल १२.२ किलो. पेंड ५३.७ किलो. तळाचा गाळ साधारण ६०० ग्रॅम. बेरीज साडेसहासष्ट.

पुन्हा केली. साडेसहासष्टच.

चौसष्ट किलो आत गेलं आणि अडीच किलो जास्त बाहेर आलं! आमच्या कारखान्यात असं झालं तर मालक मलाच पोलिसांत देईल. दोन मिनिटांनी तांब्या आठवला. ३.२ किलो पाणी धरलं की आत गेलं ६७.२. कमी भरले ते ७०० ग्रॅम, वाफेने उडालेलं पाणी. काट्यापुरतं बोलायचं तर अण्णांच्या घाण्यात चोरीला जागाच नव्हती.

आणखी एक गफलत तिथेच उमगली. मी बी किलोत मोजत होतो, तेल लिटरमध्ये. करडईच्या तेलाचा लिटर भरतो साधारण ९२० ग्रॅम. १२.२ किलोचे झाले सव्वातेरा लिटर. शहरात कोणी तेल लिटरने विकतो, कोणी किलोने, डबा कोणाचा पंधरा लिटरचा, कोणाचा पंधरा किलोचा. दोन्हीत एक किलोहून जास्त फरक आहे आणि भाव विचारताना कोणीच हे विचारत नाही. मीही विचारत नव्हतो.

घरी येऊन सगळं आईला कागदावर दाखवलं. तिने चष्मा लावून आकडे बघितले. "चोरी नाही म्हणतोस. मग उरलेलं तेल गेलं कुठं?"

प्रश्न बरोबर होता. ते पेंडीत असणार हे सरळ होतं, पण किती? पेंडीचा तुकडा वर्तमानपत्रावर दाबला की तेलकट डाग पडायचा. डागावरून हिशेब होत नाही.

भावाची मुलगी शिकायला आमच्याकडेच असते, रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. ती म्हणाली, "काका, सॉक्सलेट लावते की. आमच्या लॅबमध्ये आहे." हे उपकरण फ्रान्झ फॉन सॉक्सलेट नावाच्या जर्मन माणसाचं, १८७९ मधलं. कुटलेलं बी कागदाच्या नळकांड्यात भरतात. खाली चंबूत हेक्झेन उकळतं, त्याची वाफ वर जाऊन थंड होते, थेंब थेंब बियांवर पडते, तेल विरघळवून घेते आणि नळी भरली की एकदम खाली रिकामी होते. हे चक्र तासन्‌तास चालतं. मग हेक्झेन उडवून द्यायचं, मागे उरतं निव्वळ तेल. बाईंची परवानगी काढून तिने दोन दिवसांत दोन नमुने केले. आमच्या करडईत तेल २९ टक्के. अण्णांच्या पेंडीत ११.३ टक्के.

म्हणजे चौसष्ट किलोत तेल होतं साडेअठरा किलो. बाराच्या वर थोडं हाती आलं, सहा किलो पेंडीत राहिलं, थोडं गाळात. आकडे इतके जुळले की मला रात्री झोप लागेना, आनंदाने.

आता दुसरी बाजू बघायची ठरवली. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत एक एक्स्पेलर मिल आहे. तिथे एवढा थोडा माल घेत नाहीत, पण कारखान्याच्या ओळखीने दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी माझे चौसष्ट किलो घालायला तयार झाले. एक्स्पेलर हे नाव आपण सगळ्याच मशीनना देतो, मुळात ते क्लीव्हलँडच्या व्हॅलेरियस अँडरसनने १९०० साली पेटंट घेतलेल्या मशीनचं. आत लांब लोखंडी स्क्रू, त्याला कारागीर वरम म्हणतात. त्याभोवती सळ्यांचा पिंजरा. बी पुढे सरकतं तशी जागा आवळत जाते, दाब वाढतो, सळ्यांच्या फटींतून तेल गळतं आणि तोंडाच्या कोनातून चपटी पेंड बाहेर पडते. त्याआधी बी वाफेच्या किटलीत गरम करतात. उष्णतेने पेशी मऊ होतात, तेल पातळ होतं, सुटायला सोपं जातं.

पहिल्या फेरीला पेंड जाडसर आली. कामगाराने ती फावड्याने उचलून पुन्हा वर टाकली. कोन आवळला. दुसरी फेरी. मग तिसरी. तिसऱ्या फेरीची पेंड बिस्किटासारखी कडक, काळसर, आणि हात लावला तर चटका. थर्मामीटर तेलात धरला, ८६. पेंडीत खुपसायची हिंमत झाली नाही, तो शंभरपर्यंतचाच होता. मिलमध्ये भाजक्या टरफलाचा जडसा वास भरून राहिला होता. तेल तांबूस, गढूळ, फेस धरलेलं. ते फिल्टर प्रेसच्या कापडातून काढून दिलं.

तेल भरलं १५.१ किलो, म्हणजे जवळजवळ साडेसोळा लिटर. पुतणीने पेंडीचं सॉक्सलेट केलं तर साडेसहा टक्के.

"बघ! सोळा! म्हणत नव्हते मी?" आईने डब्यावर थाप मारली. तिच्या लेखी खटला संपला. घाणेवाला चोर, मिलवाला साव. पेंडीचं, पाण्याचं मी पुष्कळ सांगितलं, पण सोळा म्हणजे सोळा.

खरी गंमत पुढे स्वयंपाकघरात झाली. दोन्ही तेलं शेजारी शेजारी ठेवली. घाण्याचं तेल अण्णांनी सांगितल्याप्रमाणे पाच दिवस हलवलं नाही, वरचं निवळ काढून घेतलं, तळाला बोटभर गाद राहिली. मिलचं तेल प्रेसमधून आलेलं असूनही तीन आठवडे धुरकटच होतं. पहिल्यांदा भजी तळायला ठेवली तेव्हा मिलच्या तेलाला असा फेस आला की कढईबाहेर येतो की काय! पुतणीने कारण सांगितलं. जास्त उष्णता आणि जास्त दाब दिला की तेलाबरोबर बियांतले चिकट पदार्थ, फॉस्फोलिपिड, तेही बाहेर येतात. मोठे कारखाने पाणी घालून ते वेगळे करतात, त्याला डिगमिंग म्हणतात. आपल्या घरी कोण करणार. म्हणजे ते जास्तीचे तीन लिटर सगळेच काही तेलाचे नव्हते म्हणायचे.

चवीला मात्र निकाल सरळ लागला नाही. शेंगांच्या चटणीत कडक भाकरीबरोबर कच्चं घ्यायला घाण्याचं तेल कितीतरी सरस, याबद्दल घरात दुमत नाही. पण फोडणीला बायकोला मिलचंच आवडलं. त्याचा भाजका वास पिठल्याला शोभतो म्हणते. "थंड काढलेलं ते अमृत आणि गरम काढलेलं ते विष" असं ठासून सांगणारे लोक हल्ली फार झालेत. मला तसं काही दिसलं नाही. दोघांचे उपयोग वेगळे, एवढंच दिसलं.

उरलेल्या साडेसहा टक्क्यांचं काय होतं, तेही मिलवाल्याने सांगितलं. पेंडीचा व्यापारी उचलतो, ती लातूरकडच्या सॉल्व्हंट प्लांटला जाते. तिथे पुतणीच्या लॅबमधलाच खेळ, फक्त टनावारी. पेंडीवर हेक्झेन सोडतात, ते सत्तर अंशांच्या आतच उकळतं, त्यामुळे तेलातून उडवून परत वापरता येतं. मागे पेंडीत एक टक्कासुद्धा तेल उरत नाही. पण निघालेलं तेल तसंच खाता येत नाही. चिकटा काढायचा, आम्ल मारायचं, मातीने रंग काढायचा, आणि शेवटी दोनशे अंशांच्या वर निर्वातात वाफ देऊन वास उडवायचा. त्यातून पांढरंफटक, बिनवासाचं रिफाइंड तयार होतं. करडईचं की आणखी कशाचं, हे जिभेला सांगता येत नाही. वासाबरोबर ई जीवनसत्त्वाचाही काही भाग जातो. नको ते पदार्थही जातात, हेही खरं.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात भावाला सांगितलं आणि लगेच नाक कापून घेतलं. मार्चमध्ये अवकाळी आला होता, त्यात खळ्यावरची सहा पोती भिजली. भावाने दोन दिवस ऊन दाखवून भरून ठेवली. बी कोरडं झालं असेल असं आम्ही धरून चाललो. जूनमध्ये त्यातली दोन पोती मी घाण्यावर नेली. अण्णांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि चेहरा पाडला. "आत गरम हाय की ओ. हे काढू नका." मी म्हटलं, काढा, थंड घाण्यावर काय बिघडतंय! लाट फिरली, भुगा लगेच लगदा झाला, पाणी घालावंच लागलं नाही. तेल निघालं, पण घशाला खरखर करणारं. पुतणीने तपासलं. आधीच्या दोन्ही तेलांत मुक्त आम्ल एक टक्क्याच्या आसपास होतं, घाण्याचं थोडं कमी, मिलचं थोडं जास्त. भिजक्या बियांच्या तेलात चारच्या वर. ओलसर बी पोत्यात तापलं की त्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, तेल फोडायला लागतात, आणि ते काम घाण्यावर जाण्याआधीच उरकलेलं असतं. लाकडी घाणा काय, सोन्याचा घाणा आणला तरी बियांत खवट झालेलं तेल खवटच निघणार. तो डबा शेवटी देवळात दिव्यांना दिला. आई म्हणाली, देवाला तरी चांगलं द्यायचं होतंस.

तेव्हापासून बी नेण्याआधी मी दाताखाली धरतो. कट्‌कन तुटलं पाहिजे. पण फार कडकही चालत नाही. अगदी ठणठणीत वाळलेलं बी एक्स्पेलरमध्ये करपतं, पेंडीची भुकटी होते आणि वरम अडकतो. मिलवाला म्हणतो सहा-सात टक्के ओल बरी. आपल्याकडे ते मोजायचं यंत्र नाही, दात आहेत.

मोहरीचं प्रकरण दिवाळीच्या आधी उपटलं. आमच्या कारखान्यात बिहारकडचे बरेच कामगार आहेत. माझा काटा आणि घाण्याचे उद्योग त्यांच्या कानावर गेलेच होते. छठ जवळ आली तेव्हा त्यातला एक वयस्कर कामगार आला, "मुनीमजी, सरसों का तेल निकलवा दीजिए, बाटली में वो बात नहीं." मार्केट यार्डातून ऐंशी किलो मोहरी घेतली. ती आधी पोरांना बसवून चाळून, निवडून घेतली. पिवळ्या धोत्र्याचं बी मोहरीसारखंच काळं, बारीक दिसतं. १९९८ साली दिल्लीत त्याच्या भेसळीच्या मोहरी तेलाने जलोदरासारखी सूज येऊन माणसं दगावली होती. उगीच जीवावरचा खेळ नको.

करडईच्या अनुभवाने मी शहाणा झालो होतो. म्हटलं, मिलमध्ये जास्त तेल पडतं, तिथेच नेऊ. चाळीस किलो नेली. मिलवाला कुरकुरला, मोहरीचा वास मशीनला धरतो म्हणाला. तेव्हा त्याच्या साफसफाईच्या दिवशी घालायचं ठरलं. चाळीस किलोत तेल पडलं १३.९ किलो. करडईच्या मानाने लॉटरीच! मोहरीत तेलच मुळी चाळीस टक्क्यांच्या घरात, टरफल पातळ. मी ऐटीत डबा नेऊन दिला. म्हाताऱ्याने बोटावर घेतलं, हुंगलं, जिभेला लावलं. तोंडावर काहीच नाही.

"झाँस कहाँ है?"

झाँस म्हणजे मोहरीचा नाकात जाणारा झणका. तेल शुद्ध होतं, माझ्यासमोर निघालं होतं, तरी तो माणूस त्याला सरसोंचं तेल मानायला तयार नव्हता. उरलेली चाळीस किलो अण्णांकडे नेली. अण्णांनी जन्मात मोहरी काढली नव्हती. अडीच घाणे झाले. बी फुटलं, त्यांनी नेहमीप्रमाणे तांब्यातून पाणी मारलं, आणि पाच मिनिटांत बोळातले सगळे डोळे पुसायला लागले. अण्णांच्या घरातून कानडीत ओरडा सुरू झाला, त्याचा अर्थ मला कोणी सांगायची गरज नव्हती. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाला शटर ओढून निघून गेला.

तेल १२.५ किलो. मिलपेक्षा जवळपास दीड किलो कमी. पण म्हाताऱ्याने बाटली उघडली, नाकाला लावली, डोळ्यांत पाणी आलं आणि तो हसला. सगळ्यांनी आधी तेच वाटून घेतलं. मिलचं मागे राहिलं, ते पुढे अंगाला लावायला संपलं.

पुतणीने मला वहीत चित्र काढून समजावलं. मोहरीच्या बियांत तिखटपणा तयार नसतोच. तिच्यात सिनिग्रिन नावाचा पदार्थ एका खणात आणि मायरोसिनेज नावाचं विकर दुसऱ्या खणात असतं. बी फुटून दोघं पाण्यात भेटली तरच झणझणीत तेलद्रव्य बनतं. अण्णांच्या ओंजळभर पाण्याने ही गाठ घालून दिली. मिलच्या किटलीत वाफेने विकर आधीच मेलं, आणि पाणी असं घालायचं नव्हतंच. म्हणजे जे पाणी मला पहिल्या दिवशी भेसळ वाटलं होतं, तेच मोहरीच्या बाबतीत तेलाचा जीव ठरलं. उत्तरेकडे कच्ची घानी म्हणून मोहरीचं तेल वेगळ्या भावाने विकतात, त्याची मेख ही. लोणच्यासाठी मोहरी फेसताना आई पाणी घालून का घोटते, हेही मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

एक बाजूची गोष्ट. याच कुळातल्या रेपसीडचं कॅनडावाल्यांनी उलटं केलं. आपल्या मोहरीच्या तेलात निम्म्याच्या आसपास इरुसिक आम्ल नावाचं मेदाम्ल असतं. तिकडे मॅनिटोबातल्या बाल्डूर स्टेफान्सन यांनी १९७४ मध्ये इरुसिक आम्लही कमी आणि तिखट द्रव्यंही कमी असं वाण आणलं. त्या जातीला पुढे कॅनोला नाव पडलं. तेल सौम्य झालं, पेंड गुरांना निर्धास्त घालता येऊ लागली. अमेरिकेत तर मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर फक्त बाहेरून लावण्यासाठी असं छापलेलं असतं. आमच्या म्हाताऱ्याला कॅनोला दिलं असतं तर त्याने मला पुन्हा विचारलं असतं, झाँस कहाँ है.

मोहरीची पेंड भावाने म्हशीला घालून बघितली. पाण्यात भिजवल्यावर म्हैस तोंड फिरवून उभी राहिली. कोरडी, सरकीत थोडी थोडी मिसळून संपवली.

उन्हाळ्यात खिडकीत ठेवलेल्या बाटल्यांचंही सांगायला हवं. घाण्याचं करडई तेल दोन पारदर्शक बाटल्यांत भरून एक खिडकीत, एक फडताळात ठेवली होती. खिडकीतलं दोन महिन्यांत जुन्या रंगासारखं वासू लागलं. फडताळातलं चार महिने बरं राहिलं. करडईच्या तेलात तीन-चतुर्थांश लिनोलिक आम्ल. ते प्रकाशात, हवेत लगेच खराब होतं. म्हणून मी आता एका वेळी एकच घाणा काढून आणतो. जास्त काढून साठवायचं नाही. बी पोत्यात आपलं तेल फार चांगलं सांभाळतं, कोरडं असेल तर.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला मामा आले. होम मैदानावरून दमून आल्यावर जेवताना आईने माझ्या देखत विषय काढला. "दादा, आपल्याकडं चार किलोला लिटर पडायचं की नाही घाण्यावर? सांग याला."

मामांनी घास थांबवला. "घाण्यावर? घाणा कुठला गं? तो आबांच्या वेळीच मोडला. आपण मिलमधनं आणायचो. ती भोंगा असलेली मिल, विसरलीस?"

आई गप्प. मी जिंकल्यासारखा तोंडभर हसलो आणि कागद काढून पुन्हा सगळं मांडलं. मिलमध्ये सोळा पडतात, घाण्यावर तेरा, मधलं तीन लिटर पेंडीत राहतं, आणि त्यात कोणाचाही दोष नाही.

"आणि पेंड कुठं असती?" आईने विचारलं.

"अण्णांकडे. पेंड ठेवून घेतात, म्हणून काढायची मजुरी घेत नाहीत."

"म्हणजे नेलंच की त्यानं तीन लिटर."

मामा पोट धरून हसले. मी कागदाकडे बघत राहिलो. सव्वाअकरा टक्के तेलाची पेंड, चौपन्न किलो, सरकी पेंडीच्या बाजारभावात धरली तरी मजुरीच्या कितीतरी वर जात होती. टॉवेलच्या कारखान्यात चिंधीसुद्धा वजन करून विकतो मी!

गेल्या रविवारी नव्या करडईचा पहिला घाणा काढला. मजुरी रोख दिली आणि पेंड पोत्यात भरून एसटीने गावाला पाठवली. अण्णांनी पैसे मोजून खिशात घातले.

"कळायला वर्ष लागलं की तुम्हाला," ते म्हणाले. "काटा तर पहिल्याच दिवशी आणलावता."